हुरड्याच्या नोटिशीतला एक शब्द

शीला, तू जाऊन अजून दोन महिने झाले नाहीत आणि इकडे आपल्या बायांच्या पायांना फुगे बांधायचा बेत शिजला होता. फुगे. आपला सांभाळायचा आणि दुसरीचा पाय देऊन फोडायचा. दिवसभर मांडी घालून बसून ज्यांचे गुडघे धरलेत, त्या बायांनी. याला टीम बिल्डिंग म्हणतात म्हणे. फोनवर हे ऐकलं तेव्हा मला राग बेत शिजवणाऱ्या केंद्रातल्या नव्या पोरीचा आला नाही, तुझा आला. ही काय जायची वेळ होती? थंडी पडलेली, मालकांच्या मळ्यातली गूळभेंडी ज्वारी चिकात यायला लागलेली, आणि हुरड्याच्या समितीतली निम्मी माणसं गायब. समितीत होतोच कितीजण आपण? दोघी.

तुला सांगायची गरज नाही, पण वाचणाऱ्यांना सांगते. बोरी गावाजवळ रस्त्याला लागून आमचं बियाण्याचं केंद्र आहे. सोयाबीन, हरभरा, तूर, ज्वारी, जे शेतातून येतं ते इथं चाळायचं, निवडायचं, औषध चोळायचं आणि पोत्यात भरून शिवायचं. मशिनी आल्या, तरी शेवटची निवड अजून बायांच्या सुपातच होते. औषधाच्या गुलाबी रंगाने हंगामभर त्यांचे हात असे दिसतात की पाहुण्याला वाटावं, इथं रोज कुणाची तरी हळद-मेंदी असते. शीला हिशोबाला होती. मी टायपिंग, मस्टर आणि नोटिसांना. आणि हिवाळ्यात एक दिवस सगळं केंद्र बंद ठेवून मालकांच्या मळ्यात हुरडा व्हायचा, तो आम्ही दोघी बघायचो. दोघीही निवृत्त झालो, हुरडा काही निवृत्त झाला नाही. दर साली मालकांचा फोन यायचा, ‘बाई, हुरड्याचं बघा.’ आणि आपण बघायचो. म्हणजे आधी भांडायचो, मग बघायचो.

तुझ्या पुण्यानुमोदनाला तुझ्या लेकीने, प्रज्ञाने, माझ्यापुढे माईक धरला. ‘मावशी, दोन शब्द बोला.’ मी उठले. विहारात सगळी माणसं माझ्याकडे बघतायत. मी म्हणाले, ‘शीला स्वभावाने चांगली होती,’ आणि खाली बसले. पंचेचाळीस वर्षांचं भांडण, आणि बाहेर आलं ते हे. तेही खोटं. स्वभावाने तू कुठं चांगली होतीस? खवट होतीस. म्हणून हे लिहायला बसले.

माझं त्या वेळचं ध्यान तुझ्याइतकं कुणी बघितलेलं नाही. बी. ए. झालेली, लग्न होऊन आलेली, केंद्रात नवी नवी लागलेली, खांद्याला पर्स आणि पर्समध्ये शिट्टी. शिट्टी मी खास परभणीहून आणली होती. कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की कर्मचाऱ्यांचे खेळ घेतले की कामात उत्साह येतो. तेवढ्यावर मी पहिला हुरडा आखला. शिट्टी वाजली की खायला बसायचं, शिट्टी वाजली की उठायचं, तिसरी वाजली की खेळ. सुरुवातीला भाषण केलं, ‘मैत्रिणींनो, आज मनमोकळेपणाने आनंद लुटा.’ बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने हळूच दुसरीला विचारलं, ‘कोन वारलं व्हय?’

मग पोत्यांची शर्यत. निवडीवरची वच्छला तेव्हा पोरसवदा होती. ती पोत्यात उभी राहिली, पोतं दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि गंभीर तोंडाने मला विचारलं,

‘बाई, किती खेपा हायत?’

‘अगं खेपा नाहीत, शर्यत आहे. पळायचं.’

‘मंग रोज लागू हाय का ह्याचा?’

तू आगटीपाशी कणसं चोळत बसली होतीस. तुझ्या तोंडातला हुरडा उडालेला मला अजून दिसतो. उठून आलीस, माझ्या हातातून शिट्टी काढून घेतलीस आणि म्हणालीस, ‘वर्सभर पोती उचलत्यात त्या. आज सुट्टी दिली तर तू त्यायला पोत्यातच घातलंस.’ आपली ओळख त्या दिवशीची. मी तीन दिवस तुझ्याशी बोलले नाही. पुढच्या वर्षी लिंबू-चमचा ठेवला. लिंबं शर्यतीत पडायच्या आधीच बायांच्या ओट्यात गेली. दुसऱ्या दिवशी विचारलं तर सरळ सांगितलं, लोणच्याला कमी पडत होती. त्यानंतर मी खेळ सोडले. तू मात्र शिट्टी परत दिली नाहीस. तुझ्या नातवंडांनी ती वाजवून वाजवून फोडली म्हणे.

रविवारचं भांडणही तूच जिंकलीस. मोठ्या मालकांना हुरडा रविवारी हवा होता, म्हणजे कामाचा खोळंबा नको. मी मान डोलावून नोटीस टाइप केलीसुद्धा. मालकांपुढे मान डोलावण्यात माझा हात धरणारं त्या काळी केंद्रात कुणी नव्हतं. तू तो कागद घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेलीस. मी दाराआड. तू म्हणालीस, ‘साहेब, मजा करायची तर मालकाच्या दिवशी करावी. बायांच्या दिवशी कामून? रविवारी बोलावलं तर जादा रोज द्यावा लागल. करू का हिशोब?’ मालक म्हणाले, बुधवार ठेवा. तेव्हापासून हुरडा कामाच्या दिवशी आणि बायांचा रोज चालू.

उरलं ते एकच भांडण. नोटिशीची शेवटची ओळ. मी टाइप करायची, ‘सर्वांची उपस्थिती अनिवार्य आहे.’ कागद तुझ्या टेबलावर गेला की तुझं लाल पेन निघायचं आणि तो शब्द खोडून यायचा. मी कागद पुन्हा मशीनला लावायची आणि पुन्हा टाइप करायची. दर वर्षी. तू म्हणायचीस, ‘जबरदस्तीची मजा कसली गं मालने? जिला यायचं ती यील.’ मी म्हणायची, ‘नाही येणार.’ एवढंच ते भांडण. त्याच्यावर आपण चहाची किती पातेली आटवली.

तुझं कारण मला पूजेच्या दिवशीच कळायला हवं होतं. पण मी तेव्हा नियमांची बाहुली. हंगाम सुरू व्हायच्या आधी मोठे मालक केंद्रात सत्यनारायण घालायचे. सगळ्यांनी हजर राहायचं, हात जोडायचे, प्रसाद घ्यायचा, मस्टरवर सही करायची. तुझी ती पहिलीच पूजा. तू बाहेर पत्र्याच्या सावलीत उभी. मी मस्टर छातीशी धरून तुझ्याकडे आले.

‘शीला, चल गं. दोन मिनिटं हात जोड आणि मोकळी हो.’

‘सही कुठं करायची ते सांग. हात जोडणार न्हाई. माझ्या बापाच्या पिढीनं ते सोडलंय.’

‘मग हजर लावू का गैरहजर?’

‘मी तुझ्यापुढं उभी हाय. तूच बघ.’

मी बघितलं, विचार केला आणि अर्धी हजेरी लावली. दुसऱ्या दिवशी तू मस्टर उघडून मला विचारलंस, ‘माझा कंचा अर्धा हजर व्हता, बाई? वरचा का खालचा?’ यावर मी निरुत्तर झाले असं लिहायला मला आवडलं असतं. मी म्हणाले होते, ‘नियमात तसा रकाना आहे.’ पुढे मालकांनी पूजा आपल्या घरी नेली, आणि तो विषय तू कधी काढला नाहीस. फक्त माझ्या नोटिशीत तो शब्द दिसला की तुझा हात पेनाकडे जायचा.

आणि माझं कारण? ते तू मला न विचारताच ओळखलं होतंस. सासूबाई मला नोकरी करू देत होत्या, पगार घरात यायचा ना. पण नोकरीच्या पलीकडे पाऊल टाकायचं तर शेजारच्या हळदीकुंकवालाही इजाजत लागायची. पहिल्या हुरड्याची नोटीस टाइप केली, तिची एक प्रत घडी घालून घरी नेली. मामंजींनी चष्मा लावून ती वाचली, कोर्टाचं समन्स वाचावं तशी. शेवटच्या ओळीवर थांबले आणि सासूबाईंना म्हणाले, ‘अनिवार्य हाय. म्हंजी जावंच लागल.’ मी तोंड पाडलं आणि म्हणाले, ‘काय करता, नोकरी म्हणलं की आलंच.’ असं तोंड केलं की सासूबाईंना माझी कीव आली आणि त्यांनी डब्यात दोन लाडू जास्तीचे घातले.

माझ्यामागून बाकीच्या शिकल्या. ‘बाई, नोटीस द्या की एक, घरी दाखवायला.’ हुरड्याच्या आठवड्यात कार्बन पेपर पुरायचा नाही. तुला हे आवडायचं नाही. तू म्हणायचीस, ‘बाईनं एक दिवस हसावं म्हणून खोटं बोलावं लागतंय, आनि तू त्याच्यावर शिक्का मारायलीस.’ मी म्हणायची, ‘खरं बोलून सोडतात का?’ तू म्हणायचीस, ‘सोडतील कवातरी. खोट्याची सवय लावलीस तर कवाच न्हाई.’

दोघींचं खरं होतं गं. मला तेव्हाही कळत होतं. सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू जिंकली असतीस.

शेवटचं भांडण तुझ्या पलंगावर झालं, प्रज्ञाच्या घरी, परभणीत. तुझ्या हाताला सुई लावलेली. मी मोसंबी सोलत होते. तू छताकडे बघत म्हणालीस, ‘या साली त्यो शब्द काढ. पोरी आता शिकलेल्या हायत. हातात मोबाईल हायत. आपल्या मर्जीनं येतील.’

‘न्हाई येणार.’

‘येतील.’

‘न्हाई.’

प्रज्ञा आत आली. ‘मावशी, तिला जास्त बोलवू नका हो.’ आपण दोघी शाळेतल्या पोरींसारख्या गप्प झालो. ती बाहेर गेल्यावर तू हळू आवाजात म्हणालीस, ‘पुढच्या खेपेला बघते तुझ्याकडं.’ पुढची खेप झाली नाही. अर्धं भांडण टाकून उठायची रीत नाही, शीला. तू तर कधी अर्धा चहासुद्धा टाकून उठायची नाहीस.

आता फुग्यांचं सांगते. धाकट्या मालकांनी एच. आर. म्हणून एक मुलगी ठेवलीय. ऋतुजा. मूळची सेलूची, पुण्याला शिकलेली. मुलगी वाईट नाही. बायांच्या हात धुण्याच्या जागी तिने नळ वाढवून घेतले, जे आपल्याला जमलं नव्हतं. तिने मला फोन केला. ‘मालनआजी, या वर्षी आपण हुरड्याला जरा स्ट्रक्चर देऊ या.’ स्ट्रक्चर म्हणजे रविवार. स्ट्रक्चर म्हणजे फुगे. आणि विश्वास वाढवण्यासाठी एक खेळ, एकीने डोळे मिटून मागे पडायचं आणि दुसरीने धरायचं. मी पुण्यातल्या नातीला विचारलं, हे काय असतं गं? ती म्हणाली, ‘आजी, आमच्या कंपनीतही झालं. मी पडले. धरणारा फोनवर होता.’

ऋतुजाने शेडमध्ये जाऊन बायांना हा खेळ समजावला. मी मुद्दाम बघायला गेले होते. वच्छला आता शेडमधली सगळ्यात जुनी. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘म्याडम, जिनं काल माझं सूप पळवलं तिच्या भरवशावर मागं पडू व्हय मी?’ पलीकडून आवाज आला, ‘पड की. न्हाई धरणार.’ शेडभर हसू. ऋतुजाही हसली, आणि मला बघून वाटलं, चला, ही शिकेल. मी शिट्टी घेऊन फिरत होते, ही लॅपटॉप घेऊन फिरतेय. फरक तेवढाच. तिला अजून कुणी शीला भेटलेली नाही.

पण तिच्या नोटिशीची शेवटची ओळ वाचली आणि माझं डोकं फिरलं. ‘सहभाग ऐच्छिक आहे. इच्छुकांनी लिंकवर नाव नोंदवावे.’ तुझा शब्द. तुझं लाल पेन त्या पोरीपर्यंत कसं पोचलं? म्हटलं, होऊ दे. शीलाला हवं होतं ना, होऊ दे एकदाचं. मी पदर खोचून गप्प बसले. माझ्यासारखी बाई गप्प बसते तेव्हा तिच्या मनात काय असतं, ते तुला माहीत आहे.

आठवड्याने लिंकवर नावं आली ती एका हाताच्या बोटांवर मावतील इतकी. ऋतुजाचं तोंड एवढंसं झालं. ‘आजी, त्यांना इंटरेस्टच नाही.’ मी शेडमध्ये मुक्ताला गाठलं. मुक्ता म्हणजे बारावी झालेली, चुणचुणीत, तू जिच्या भरवशावर पैज लावली होतीस तसलीच पोर.

‘काय गं, नाव कामून दिलं न्हाईस?’

‘माझ्यापोत्तर आलंच न्हाई ते, आजी. फोन नवऱ्यापाशी असतोय. त्यानंच ‘नाही’ दाबून टाकलं. म्हनला, रविवारी धुनं कोन करल?’

‘आनि तुला यायचं व्हतं?’

तिने सूप झटकलं. ‘कुनी इचारलं व्हतं का मला?’

तर मी जिंकले. पंचेचाळीस वर्षांनी, पुराव्यासकट, तोंडावर जिंकले, आणि ज्या तोंडावर ते मिरवायचं ते तोंड जागेवर नाही. असला विजय मला नको होता, शीला. तुझा चेहरा पडलेला बघायचा होता मला. मग तू नवीन काहीतरी काढलं असतंस आणि मी पुन्हा हरले असते. मी घरी आले आणि विनाकारण सुनेवर खेकसले, भाजीत मीठ नाही म्हणून. मीठ होतं.

दुसऱ्या दिवशी धाकट्या मालकांनी बोलावलं. त्यांच्या केबिनमध्ये ते, ऋतुजा आणि मी. ते म्हणाले, ‘बाई, बायांनाच नको असेल तर राहू द्या हुरडा. मिठाईचे बॉक्स वाटून टाकू.’

एकदा बॉक्स आला की मळा परत येत नाही. पुढच्या साली बॉक्स लहान होतो, त्याच्या पुढच्या साली शुभेच्छांचा मेसेज येतो. वर्षातला तो एकच दिवस होता बायांचा, आणि तो माझ्या डोळ्यांपुढे पुठ्ठ्याच्या खोक्यात चालला होता. आपल्या समितीचं निम्मं काम तुझं होतं, मालकांशी बोलायचं. माझं काम दाराआड उभं राहायचं. त्या दिवशी दाराआड कुणी नव्हतं आणि आत मी एकटी.

मी म्हटलं, ‘शीलाबाईंचं म्हणणं ऐका आधी.’ दोघेही सावरून बसले. माणूस गेल्यावर त्याचं म्हणणं लोक जास्त लक्ष देऊन ऐकतात. ही सोय मी वापरली, तुला न विचारता.

‘हुरडा कामाच्या दिवशी ठेवा, रोज चालू ठेवून. मजा मालकाच्या दिवशी, बायांच्या दिवशी न्हाई. हे शीलाबाईंचं. मळ्यात खेळ न्हाई, भाषण न्हाई, हजेरी न्हाई. कोण आलं, कोण कुठं गेलं, कुणी इचारायचं न्हाई. हेबी शीलाबाईंचं.’

‘बरं,’ मालक म्हणाले.

‘आनि नोटिशीत लिहायचं, उपस्थिती अनिवार्य आहे. हे माझं.’

मालक हसले. ‘हजेरीच घ्यायची नाही, तर अनिवार्य कशाला बाई?’

‘ते केंद्रासाठी न्हाई. घरासाठी हाय.’

मालकांना कळायला वेळ लागला. ऋतुजाला लगेच कळलं. ती हळूच म्हणाली, ‘आजी, म्हणजे नोटीस खोटी?’

‘नोटीस खरी. फाटकापोत्तर.’

तिने माझ्याकडे बघितलं, मग लॅपटॉप पुढे ओढला. टाइप करता करता म्हणाली, ‘हॉस्टेलला आमचंही दर शनिवारी एक्स्ट्रा लेक्चर असायचं.’ मालक कॅलेंडरकडे बघत होते. लहानपणी मळ्यात आले की ते तुझ्या मांडीवर बसायचे, आणि तू फुंकर घालून त्यांना हुरडा भरवायचीस. ते त्यांना आठवलं असेल किंवा नसेल, मला माहीत नाही. म्हणाले, ‘बुधवारच ठेवू मग.’

तुझं निम्मं आणि माझं निम्मं. एका टेबलावर दोन खुर्च्या टाकून आपण आयुष्य काढलं आणि एवढं आपल्याला सुचलं नाही. तू गेल्यावर मला एकटीला सुचलं, याचा आनंद मानायचा का डोकं आपटून घ्यायचं?

तुझा फोटो मळ्यात ठेवू, असं मालक म्हणत होते. मी नको म्हटलं. हार घातलेल्या फोटोपुढे कुणी पाय पसरून बसत नाही.

बुधवारी टेम्पोने बाया आल्या. आगटीत गोवऱ्या पेटलेल्या, कणसं तयार, गूळ, दही, शेंगदाण्याची चटणी. मी सांगितलं, ‘आज हजेरी न्हाई. खायचं तर आगटी तिकडं, झोपायचं तर लिंबाखाली सावली हाय, कुठं जायचं तर खुशाल जा. पाचला टेम्पो निघंल.’ कुणी हललं नाही. शाळेच्या फोटोला उभं राहावं तशा सगळ्या उभ्या. वच्छला पुढे आली.

‘बाई, करायचं काय?’

‘काही न्हाई.’

‘काहीच न्हाई?’

‘काहीच न्हाई.’

‘मंग ह्ये कसलं काम?’ असं म्हणून ती सरळ हौदाकडे गेली आणि दह्याची पातेली घासायला बसली. मी मागून गेले, पातेलं ओढलं. तिने परत ओढलं. दोन म्हाताऱ्या एका पातेल्याला धरून. ‘सोडा की बाई, हाताला सवय हाय.’ मी बेजार झाले, शीला. या दिवसासाठी मी त्या केबिनमध्ये तुझा आवाज काढून बोलले होते, आणि ही पातेली घासायलीय. तुला हाक मारणार होते, बघ म्हणून.

सुटली ती मुक्ता. दोनदा विचारलं, ‘खरंच जाऊ?’ मी मान हलवली. ती मागे न बघता रस्त्यावर गेली, हात केला आणि वालूरकडच्या गाडीत बसली. वालूरला तिची आई असते. दिवाळीलाही तिला पाठवलं नव्हतं. ती गेलेली बघितली आणि मग बाकीच्या हळूहळू सैल झाल्या. चौघी बोरीच्या झाडाखाली बसून सासवांची पिढ्यानपिढ्यांची उणीदुणी काढायला लागल्या. एक नुसतीच बांधावरून लांब चालत गेली आणि परत आली. दोघी आगटीपाशी इतका हुरडा खात होत्या की चोळणाऱ्या बाईचे तळहात लाल झाले. फुगे कुणाला आठवले नाहीत. वच्छला पातेली संपवून रिकाम्या पोत्यांवर कलंडली आणि तोंड उघडं टाकून घोरायला लागली.

ऋतुजाने फोन वर केला. मी हात आडवा घातला.

‘एकच आजी, रिपोर्टला.’

‘पोरी, हा फोटो गावात फिरला तर पुढच्या साली ती नोटीस कुणी घरात घेणार न्हाई.’

तिने फोन खाली केला आणि माझ्याशेजारी बसली. थोड्या वेळाने तिने सँडल काढून पाय मातीत घातले. कार्यक्रमाचा एकही फोटो नाही. रिपोर्टमध्ये तिने काय लिहिलं, मी विचारलं नाही.

पाचच्या आत मुक्ता धापा टाकत परत आली. केस चापून चोपून विंचरलेले, तेल कपाळावर उतरलेलं. आईने घातलेलं तेल लपत नाही. वच्छलाने तिला टेम्पोत ओढून घेतलं, न्याहाळलं. ‘घरी काय सांगशील गं, मशिनीचं उडालं म्हनून?’ मग तिनेच मुक्ताच्या डोक्याला आपला रुमाल करकचून बांधला, कामावर बांधतात तसा. आणि सगळ्यांना बजावलं, ‘तोंडं नीट करा आता. हसत घरी गेलं की इचारत्यात.’

मग मी जे बघितलं ते तू बघायला हवं होतंस. सगळ्यांनी खांदे पाडले. पदर ओढले. डोळे अर्धे मिटले. टेम्पोभर बाया अशा दमल्या की बघणाऱ्याने पाण्याचा तांब्या पुढे करावा. पहिल्या थांब्यावर वच्छला कमरेला हात लावून उतरली. दारात तिचा नवरा उभा. ‘लय उशीर आज?’ ती म्हणाली, ‘लय काम पडलं.’ तो बाजूला झाला आणि तिला आत जाऊ दिलं. सगळ्यांच्या तोंडात पदराचे बोळे. टेम्पो वळला, घरं दिसेनाशी झाली, आणि मग जे हसू फुटलं, त्याला दचकून ड्रायव्हरने ब्रेक मारला. मीही हसले. बरगड्या दुखेपर्यंत.

हसता हसता तुझं ऐकू आलं. तू असतीस तर सगळ्या हसताना तू हसली नसतीस. खिडकीबाहेर बघत विचारलं असतंस, ‘हसायला वळण कामून लागतंय गं, मालने?’

माझ्याकडे याला उत्तर नाही. तुझ्याकडे होतं असं मला वाटतं. पलंगावर तू ‘येतील’ म्हणालीस ते इतक्या भरवशाने, की काहीतरी ठरवूनच म्हणाली असशील. ते न सांगता गेलीस. त्याचाच मला राग आहे, आणि तो उतरायचं नाव घेत नाही.